बिलासपुरी टोली, आबाजींची पेटी आणि ६३ पोच पावत्या

धानकाटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

तुमसर तालुक्यात, डोंगराला लागून आमचं गाव. नाव मुद्दाम देत नाही, का ते पुढे कळेल. आमचे आबाजी गावचे पोस्टमास्तर होते. पोस्टमास्तर म्हणजे काय, ब्रँच ऑफिसचे ईडी (एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, खात्याबाहेरचे अर्धवेळ)! शेती करायची आणि सकाळी दोन-तीन तास ओसरीवर पोस्ट चालवायचं. एक लाकडी पेटी, तारखेचा शिक्का, शाईची गादी, लाख आणि वजनकाटा, एवढंच ते पोस्ट. गोबरवाही स्टेशनावरून रनर थैली घेऊन पायी यायचा.

मागच्या दिवाळीत जुनं घर पाडायला काढलं, तेव्हा माळ्यावर टिनाची पेटी निघाली. मला वाटलं शेतीचे कागद असतील. निघाली मनिऑर्डरच्या पावत्यांची सात पुस्तकं (कार्बन प्रती, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलने लिहिलेल्या), दोन जर्नल (पोस्टाच्या नोंदवह्या), आणि सुतळीने बांधलेला पोच पावत्यांचा एक गठ्ठा. वाळवीने कडा खाल्ल्यात, मजकूर शाबूत आहे. मी धान खरेदी केंद्रावर काट्यापाशी बसतो, पावत्या जुळवणं हेच माझं पोट. म्हणून चार महिने रोज रात्री जेवण झालं की पेटी उघडून बसलो. बायको म्हणते, दिवसभर पावत्या आणि रात्रीही पावत्याच.

आता मुद्दा. गावाच्या नाल्यापलीकडे एक पडीक जागा आहे. तिथे पन्नाशीच्या दशकात एका छोट्या खाजगी मॅंगनीज खदानीची मजुरांची वस्ती होती. चिखला, डोंगरी बुजुर्ग या मोठ्या खदानी सगळ्यांना माहीत आहेत. ही त्यापुढे अगदीच किरकोळ होती, आता नुसता पाणी साचलेला खड्डा आहे. वस्तीला गावात 'बिलासपुरी टोली' म्हणत. आजी (वय ८८, कान गेले, आठवण शाबूत) सांगते, "त्याईची हीर (विहीर) वेगरी, वाट वेगरी. खदान बसली अन् एका राती सारे पराले. दुकानदाराची उधारी बुडवून." गावात आजही कोणी पैसे बुडवले की म्हणतात, "बिलासपुरी हिशेब केला गा त्यानं." मी लहानपणापासून हा शब्द वापरतोय. ती खरोखरची माणसं होती हे पेटी उघडल्यावर डोक्यात शिरलं.

टोलीची ना सातबाऱ्यावर नोंद, ना ग्रामपंचायतीत. जागेवर उरलंय काय, तर बुजलेली विहीर, जात्याची एक तळी आणि चुन्याने रंगवलेल्या लाकडी खांबाचं हातभर खोड. गुराखी त्याला 'पांढरा खांब' म्हणतात. मोजणीवाल्यांनी रोवला असेल असा माझा समज.

पावत्यांवरून मला जेवढं काढता आलं ते सांगतो. बऱ्याच पावत्यांवरचा शिक्का पुसलाय, साल दिसत नाही. त्यासाठी दोन खुणा सापडल्या. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी आबाजी कमिशन आण्यात लिहितात, नंतर 'न.पै.' मध्ये. दुसरी खूण त्याहून भारी. आपला भंडारा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशातच होता, राजधानी नागपूर. म्हणून त्याआधीच्या पत्त्यांत नुसतं 'जि. बिलासपूर' असतं, नंतर आबाजी न चुकता 'म.प्र.' जोडतात. माणसं तिथेच, खदान तिथेच, पैसे मात्र परराज्यात जायला लागले.

या खुणांनी साल लावत गेलो तर १९५३ मध्ये टोलीतून ७१ मनिऑर्डरी गेल्या. १९५६ मध्ये फक्त २४. १९५९ मध्ये एक. दरवर्षी रोवण्यापासून चुरण्यापर्यंत (धानाच्या लावणीपासून मळणीपर्यंत) जवळजवळ शून्य. पावसात खदान बंद आणि हे लोक घरच्या धानाला जात असणार, एवढं तर झाडीपट्टीतल्या पोरालाही कळतं. पण ७१ वरून २४? लोक १९५६ लाच निघून जायला लागले का? मग आजीची 'एका राती'ची गोष्ट खोटी ठरते.

पोच पावत्या ६३ आहेत. प्रत्येकीवर पैसे घेणाऱ्याचा अंगठा, साक्षीदाराची सही आणि तिकडच्या पोस्टाचा शिक्का. २७ वर पामगढ, १४ वर शिवरीनारायण, ९ वर अकलतरा, १३ वाचता येत नाहीत. पोच खरं तर पाठवणाऱ्याला द्यायची. मग या आबाजींकडे का राहिल्या?

शेवटचं कोडं. जर्नलमध्ये १९५८ ते १९६१ या काळात गावच्या दुकानदाराच्या नावाने बाहेरून मनिऑर्डरी आल्यात. ५ रुपये, ७ रुपये, ३ रुपये. पाठवणारं पोस्ट बहुतेक वेळा भिलाई, दोनदा दुर्ग. दुकानदाराचं भिलाईत कोणीच नव्हतं. जर्नलमध्ये पाठवणाऱ्याचं नाव नाही.

ही माणसं कोण, कुठे गेली, आणि पुढे कुठे शोधू? पोस्टात कोणी काम केलं असेल तर जरूर बोला.

सातबारा_भाऊ

स्वतंत्र मौजा नसेल तर महसुलात वस्तीचं नाव मिळणार नाही, डोकं फोडू नका. उजाड झालेल्या मौजाला निदान 'रिठी' तरी लिहितात, टोलीला तेही नाही. तहसीलमधून गावाचं निस्तार पत्रक काढा. विहीर, मसणवटी, गुरांची वाट यांचे गट नंबर त्यात असतात. नाल्यापलीकडे वेगळी मसणवटी दाखवली असेल तर वस्ती नुसती हंगामी नव्हती एवढं तरी पक्कं होईल. चार महिन्यांसाठी आलेले लोक मसणवटी मागत नाहीत.

आणि जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बघा. लोक जातीच्या दाखल्यासाठी ते पार झिजवून टाकतात, इतर रकाने कोणी वाचत नाही.

मोहफूल_७१

मनिऑर्डरची पावती जातीच्या व्हॅलिडिटीला चालते का? १९५० च्या आधीची असेल तर सांगा, अर्जंट.

थैलीवाला

@मोहफूल, पावतीवर जात नसते बापू. कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) काढा.

धानकाटा, मी खात्यात ३६ वर्षे काढली. रनरपासून सुरुवात, सब पोस्टमास्तर म्हणून बाहेर पडलो. तुमच्या पेटीबद्दल आधी एक कडू गोष्ट. हे कागद घरी असायलाच नको होते. मनिऑर्डरच्या कागदांची जपणुकीची मुदत फार थोडी असायची, नंतर यादी करून रद्दी. याच कारणाने भारतात कुठेही एखाद्या खेड्यातून १९५३ ला कोणी कोणाला किती पैसे पाठवले हे सहसा सापडत नाही. तुमच्या आबाजींनी नियम मोडला म्हणून तुम्ही आज हा प्रश्न विचारू शकताय. मेल ओव्हरसियरच्या (खेड्यांतली पोस्टं तपासत फिरणाऱ्याच्या) नजरेला पेटी पडली नाही हे नशीब.

आता ७१ आणि २४. तुम्ही पावत्या मोजल्या, माणसं मोजली नाहीत. पाठवणाऱ्यांची नावं वेगळी काढा. माझ्या अनुभवात मनिऑर्डरी दोन कारणांनी घटतात. एक, माणूस गेला. दुसरं, ज्यांना पैसे जात होते ते लोकच इकडे आले. बायको-पोरं टोलीत राहायला आली की दर महिन्याला पैसे कोणाला पाठवणार? मग वर्षातून एकदा म्हाताऱ्या आईला जातात. पैसे घेणाऱ्याचं नातं नि रक्कम ताडून बघा.

पोच पावत्या आबाजींकडे का? झोपडीत गळतं, मजूर म्हणतो, "मास्तर, तुमच्याकडेच राहू द्या." मी स्वतः अशा वीस-पंचवीस सांभाळल्यात. लिहिता न येणाऱ्या माणसाला त्या कागदावरचा आईचा अंगठा म्हणजे आई जिवंत आहे याची खबर असायची. एक मजूर दर महिन्याला येऊन जुन्या पोचवरचा अंगठा नव्याशी लावून बघायचा. मी हसलो होतो एकदा. नंतर कधी हसलो नाही.

शिक्क्यांवर भरवसा ठेवा, 'बिलासपुरी' या नावावर नको. आपल्याकडे छत्तीसगढचा कोणीही मजूर बिलासपुरीच. पण पोच पावतीवरचा शिक्का पैसे वाटणाऱ्या पोस्टाचा असतो. पामगढ म्हणजे पामगढ गावच असं नाही बरं का, त्या पोस्टाखालची सगळी खेडी त्यात आली. 'मु.' पुढे काय लिहिलंय ते वाचा, 'पो.' पुढचं नको. तेव्हा पिनकोडही नव्हता, तो १५ ऑगस्ट १९७२ ला आला.

भिलाईच्या कोड्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, दुकानदाराच्या घरी आहे. मनिऑर्डर फॉर्मला खाली कूपन असायचं. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि दोन ओळी मजकूर. पैसे दिले की कूपन फाडून घेणाऱ्याच्या हातात द्यायचं, पोस्टाकडे ते राहत नाही. जुने दुकानदार कागद फेकत नसत, तारेत खोवत. जाऊन विचारा.

आणि नावं-पत्ते इथे टाकू नका. टपालाची गोष्ट ओसरीवरून बाहेर जाऊ द्यायची नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. कागद साठ वर्षांचा झाला तरी अंगठा कोणाच्यातरी आजीचाच आहे.

गोंदियाची_लेक

दादा, तो खांब मोजणीचा नाही!! तो जैतखाम आहे.

माझी आई पामगढकडची, बाबा गोंदियाचे. सतनामी (गुरु घासीदास बाबांना मानणारा छत्तीसगढचा समाज) वस्ती असली की जैतखाम असतोच. पांढरा उंच खांब, वर पांढरा झेंडा, त्याला 'पालो' म्हणतात. गुरु घासीदास बाबांची जयंती १८ डिसेंबरला, त्या दिवशी जुना पालो उतरवून नवा चढवतात. बाबांचा जन्म गिरौदपुरीचा, १७५६ चा. मूर्ती नाही, खांब नि सतनाम. तुमच्या आजीने "हीर वेगरी" म्हटलं ना, ते वाचून मला काय ते कळलं. बाकी त्यावर इथे जास्त बोलत नाही. खेड्यात राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

आणि रेल्वेचा नकाशा बघा. अकलतरा, बिलासपूर, रायपूर, भिलाई, दुर्ग, डोंगरगड, गोंदिया, तुमसर रोड, सगळं एकाच हावडा लाईनवर. पामगढला रेल्वे नाही, आमच्या आजोळचे लोक अजूनही अकलतऱ्याला येऊन गाडी पकडतात. तिथून तुमसर रोडला उतरलं की तिरोडीची गाडी, गोबरवाही. गाडी न चुकवता आलेली माणसं आहेत ती. परत जातानाही त्याच लाईनने गेली असणार आणि घराच्या अलीकडेच, भिलाईला उतरली असणार. भिलाईच्या पोलाद कारखान्याचं काम १९५५ च्या रशियाबरोबरच्या कराराने सुरू झालं, पहिली भट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटली. त्या बांधकामाला मजूर लागला तो काय थोडाथोडका? खदानीत हात बसलेला माणूस तिथे लगेच लागला असेल.

पामगढ, अकलतरा, शिवरीनारायण आता बिलासपूर जिल्ह्यात नाहीत, १९९८ पासून जांजगीर-चांपा. ऑनलाईन शोधताना हे लक्षात ठेवा, नाहीतर चुकीच्या जिल्ह्याच्या कचेरीत चकरा माराल. 'मु.' पुढची गावं मला खाजगीत पाठवा, मामांना विचारते. माणसांची नावं नकोत, गावं पुरे.

धानकाटा

तीन आठवडे गप्प होतो, धानाचा हंगाम. आता सांगतो.

थैलीवाला काकाजी, तुमचे पाय धरायला पाहिजेत. माणसं मोजली. १९५३ च्या ७१ मनिऑर्डरी १९ जणांच्या. १९५६ च्या २४ मनिऑर्डरी १६ जणांच्या, आणि ते १६ आधीच्या १९ मधलेच. म्हणजे माणसं जवळपास तीच. आधी पैसे बहुतेक बायकोच्या किंवा बापाच्या नावाने. नंतर आईच्या नावाने, रक्कम निम्मी. काट्यावर बसून आयुष्य गेलं आणि पोती मोजली, शेतकरी मोजायचे राहिले!

निस्तार पत्रकाचा अर्ज दिलाय, नक्कल अजून मिळाली नाही. शाळेत मात्र गेलो. मुख्याध्यापक बाई आधी म्हणाल्या, जातीचा दाखला असेल तर खिडकीवर या. मग रजिस्टर काढून दिलं. १९५५ ते ५७ मध्ये टोलीतली अकरा पोरं दाखल झालीत, त्यात तीन मुली. त्या सालात आमच्या घरची एकही मुलगी शाळेत नव्हती, आबाजी पोस्टमास्तर असून. शाळा सोडण्याच्या रकान्यात आठ जणांसमोर 'बाप भिलाईस गेला' असं आहे. तारखा वेगवेगळ्या. पहिला नोव्हेंबर ५७, शेवटचा मार्च ५९. ही 'एक रात' दीड वर्ष चालली.

आता दुकानदार. त्यांचा नातू माझ्या वर्गातला, आता मोबाईल रिचार्ज आणि खताचं दुकान आहे. त्याला म्हटलं, जुन्या वह्या आहेत का? म्हणाला, मागच्या खोलीत उंदरांनी जे ठेवलं असेल ते घेऊन जा. तार सापडली. गंजलेली, त्यात वीतभर कागद खोवलेले. विजेची बिलं, कंट्रोलच्या साखरेच्या चिठ्ठ्या, आणि खाली खाली गेलं की मनिऑर्डरची कूपनं. एकूण चौदा. मधोमध भोक पडलंय, अक्षर वाचता येतं. वेगवेगळ्या हातांचं हिंदी, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. एकावर 'बाकी तीन रुपये फागुन में'. एकावर नुसतं 'जमा कर लेना'. एकावर रक्कम ७ आणि खाली 'पूरा हुआ'.

खतावणीही मिळाली. टोलीच्या पानांवर पंधरा नावं. चौदा कूपनं नऊ जणांची, त्या नऊंच्या खात्यावर दुकानदाराच्याच हाताने आडवी रेघ मारलेली. आणखी चार खात्यांवर रेघ आहे, कूपन नाही. ते जाताना रोख देऊन गेले असतील किंवा कूपन उंदरांनी खाल्लं असेल. दोन खाती तशीच उघडी. एकात सव्वादोन रुपये, एकात अकरा आणे.

आता मला सांगा, पंधरापैकी तेरा जणांनी फेडलेली उधारी गावात 'बुडवली' म्हणून साठ वर्षं कशी फिरली? दुकानदाराला तर माहीत होतं. आबाजींच्या हातून तर ते पैसे वाटले गेले. ते पोस्टाची गोष्ट ओसरीबाहेर नेत नसत, हे काकाजींचं म्हणणं मान्य. पण हे एवढं एक तरी बोलायला हवं होतं असं मला वाटतं. त्यांच्यासमोर कोणी 'बिलासपुरी हिशेब' म्हटलं तेव्हा ते काय करत होते, शिक्क्याला शाई लावत होते? मोठ्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण लिहिलं.

ताई, 'मु.' पुढची गावं सहाच निघाली, तुम्हाला पाठवलीत. खांबाच्या खोडाभोवती गुरं बसायची, मी काट्यांचं कुंपण घातलंय.

गोंदियाची_लेक

सहापैकी दोन गावं मामांच्या ओळखीची. एका गावात एक आजोबा म्हणाले, त्यांचा जन्म 'भंडारा खदान'चा. पुढचं काही आठवत नाही, सांगणारी आईही गेली. वय विचारलं तर म्हणाले, भिलाईची भट्टी पेटली तेव्हा चालायला लागलो होतो. फोटो पाठवू का विचारलं मामांनी. मी म्हटलं, आधी दादांना विचारते.

धानकाटा

पाठवा. आणि त्यांना विचारा, त्या गावच्या पोच पावत्या माझ्याकडे चार आहेत. त्यांच्या घरच्या आहेत का ते नाव न सांगता कसं विचारायचं, काकाजी?

थैलीवाला

त्यांनाच आजीचं नाव सांगू द्या. जुळलं तर द्या, नाही जुळलं तर गप्प. खिडकीवर मनिऑर्डर देताना आम्ही तेच करायचो, आधी त्याच्या तोंडून नाव.

धानकाटा

बरोबर. तसंच करतो.

ता.क. काल खतावणी आजीला दाखवली. मोठ्याने ओरडून एकेक खातं वाचलं, रेघेवर तिचं बोट फिरवलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दुकानदाराचे देल्ले असतीन. मंग माजी जर्मनची गंजी काहून नाई देल्ली?" लग्नातली गंजी (ॲल्युमिनियमचं पातेलं), टोलीतली एक बाई भात मागायला आली तेव्हा नेली होती म्हणे. म्हणजे आजी टोलीतल्या बाईला भात देत होती, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

थैलीवाला

गंजीसाठी पार्सलच्या नोंदी बघा. जर्नलमध्ये वेगळ्या असतात.